मोहाच्या दिवसांत सायकलीवर

आम्ही नवराबायको सायकली घेऊन मुरबाडच्या मुलखात फिरलो ती हौस होती, असं आजही घरात सगळे समजतात. नातवंडं कौतुकानं विचारतात, की आजी, त्या काळात तू सायकलीवर सहलीला जायचीस? सहल कसली, कपाळ. माझ्या धाकट्या बहिणीचा होणारा नवरा दारू पितो की नाही, ते बघायला मी गेले होते.

ही गोष्ट जर्मनीशी दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची. माझं माहेर शहापूरचं, भातशेतीचं घर. मी लग्न होऊन कल्याणला गेले. नवरा शाळामास्तर. मी त्यांना मास्तरच म्हणायची, तोंडावर आणि माघारीही. या माणसाला सायकलीचं विलक्षण वेड होतं. पगारातून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी स्वतःसाठी एक घेतली आणि पुढं रेल्वेच्या बंगल्यातून कुणा मडमेची जुनी बायकी सायकल माझ्यासाठी आणली. मला म्हणाले, बस. मी बसले, पडले, पुन्हा बसले. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की सायकल चालवायला काही अडत नाही. आत्ताच्या पोरींना तो पाचवारी घोळ सांभाळून चालवताना बघते तेव्हा मला त्यांची कीव येते. लोक बघायचे. बघेनात का. मी कुणाच्या बापाचं खात नव्हते.

तर बहिणीचं. भातझोडणी झाल्यावर तिची सुपारी फुटली. मुलगा वैशाखऱ्याच्या अलीकडच्या एका गावातला, चांगली जमीन, घर चिंचेच्या झाडाजवळचं, दोन मुलांतला हा दुसरा. लग्न वैशाखात धरलं होतं. मास्तरांच्या शाळेत तपासणी होती म्हणून आम्ही दोघं सुपारीला गेलो नव्हतो. सगळं छान चाललं होतं आणि पौषात मुरबाडजवळ म्हसा गावच्या जत्रेला गेलेला आमचा शेजारी बातमी घेऊन आला. तो बैल बघायला गेला होता. त्यानं आमच्या या होणाऱ्या जावयाला तिथं पाहिलं. दोघांच्या खांद्यावर हात टाकलेले, डोळे लाल, पाय लटपटतायत, तोंडाला उपरणं दाबून धरलेलं, आणि अंगाला मोहाच्या दारूचा वास. शेजारी खोटं बोलणारा माणूस नव्हता. तेच तर वाईट होतं.

आमच्या घरात दारुड्या नवऱ्याचं दुःख काय असतं ते सांगावं लागत नव्हतं. माझी सख्खी मावशी अशा माणसाला दिली होती. ती आमच्याकडे यायची ती लांब बाह्यांची चोळी घालून, ऐन वैशाखातसुद्धा. लहानपणी मी विचारलं, मावशी, तुला उकडत नाय का गो? तर आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. पुढं कळलं की बाह्यांच्या आत काय झाकलेलं असायचं. मावशी तिशीतच गेली. त्यानंतर माझ्या वडिलांनी देवावर हात ठेवून सांगितलं होतं की माझ्या पोरी पिणाऱ्याच्या घरात देणार नाही.

फाल्गुनात मास्तर आणि मी सायकली घेऊन माहेरी गेलो तेव्हा वडील ओसरीवर बसून होते, समोर पानाचा डबा, पण पान लावत नव्हते. मला म्हणाले, "सुपारी फुटलीय गो. उगाच मोडली तर पोरीचंच नाव खराब होनार. खरं असंल तर मी मोडतो, माझं नाक गेलं तरी चालंल. पन खरं काय ते कळू दे." स्वतः जाऊन विचारलं तर सोयऱ्यांचा अपमान. भावकीतल्या कुणाला पाठवावं तर तिथं सगळे ओळखणार. धाकटी आत तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. ती अशीच. मी घर डोक्यावर घेते आणि ती तोंडातून शब्द काढत नाही.

तेव्हा मास्तर म्हणाले, "आम्ही जातो. आम्हाला कुणी ओळखत नाही. सायकलीवरून फिरायला आलोय म्हणून सांगू." इतकी वर्षं ज्या सायकलीवरून माझे वडील त्यांची थट्टा करत होते, तिच्याकडं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

चैत्रात शाळेला सुट्टी मिळाली तसे आम्ही सायकली रेल्वेत घालून शहापूरला आलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. माहुलीचा डोंगर पाठीशी टाकून किन्हवलीची वाट धरली. रस्ता कसला, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. एका चाकोरीत मास्तर, दुसरीत मी. शेतं रिकामी, कापलेल्या भाताची खुंटं तेवढी उरलेली, आणि जागोजाग राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन, भाजल्याचा धूर. काळू नदीला घोट्याएवढं पाणी होतं. मास्तरांनी आपली सायकल खांद्यावर घेतली आणि माझीही घ्यायला परत आले, तोवर मी माझी ढकलत पलीकडं नेली होती. चाकं भिजली म्हणून ते जरा रागावले. बायको भिजली त्याचं काही नाही.

सरळगावात मास्तरांच्या ओळखीच्या एका शिक्षकाकडं मुक्काम केला आणि सकाळी घाटाच्या दिशेनं लागलो. तो मुलूख म्हणजे मोहाचा. पानं झडलेली मोठमोठी झाडं आणि खाली पिवळट, रसाळ फुलांचा सडा. ज्याचं झाड त्यानं खालची जमीन झाडून लख्ख केलेली. बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या, अंगणांत फुलं वाळत होती, वाळलेली अगदी मनुकांसारखी दिसत. आणि सगळीकडं तो गोड, जड वास. मला तर श्वास घ्यावासा वाटेना. जिकडं बघावं तिकडं मला दारूच दिसत होती.

मास्तरांचं तसं नव्हतं. आपण कशाला आलोय हे ते दर झाडापाशी विसरायचे. सायकल टेकवायची, फूल उचलून हुंगायचं, तोंडात टाकायचं आणि चौकशी सुरू. एका म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, एवढी फुलं वाळवून काय करता?"

"बैलांना घालतो साहेब."

"सगळी?"

"बैल लय खातात."

"किती बैल आहेत?"

म्हाताऱ्यानं फुलांवर टोपली पालथी घातली. "एक," म्हणाला.

मग मी पुढं होऊन आमचं विचारून घेतलं. पुढच्या गावातला, चिंचेजवळच्या घरातला दुसरा मुलगा, तो पितो का हो? म्हाताऱ्यानं दोन्ही कानांना हात लावले. "नाय बाई. त्या गावात कोनच नाय पीत. आमच्यात बी नाय. औषधाला बी नाय." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, जीव अगदी भांड्यात पडला. पुढं एका बाईला विचारलं, तिनंही तेच सांगितलं. एका गुराख्याला विचारलं, तोही तेच म्हणाला. मी तर सायकलीवर गाणं म्हणायला लागले.

पुढच्या पाड्यावर पाणी मागितलं तर एका बाईनं मला हाताला धरून आत नेलं. पाणी राहिलं बाजूला, ती मला एकेक मडक्यावरचं झाकण काढून दाखवायला लागली. "बघा बाई. हे तांदूळ. ही मिरची. हे नुसतं पानी, हुंगा पायजे तर. चुलीमागं बी बघा, काय नाय." मी म्हटलं, बाई फारच प्रेमळ दिसते. घर दाखवतेय. बाहेर येऊन बघते तर एक गृहस्थ मास्तरांच्या कॅरिअरला पाय बांधलेल्या दोन कोंबड्या अडकवत होता. "साहेबांना आमच्याकडून," म्हणाला आणि चपळाईनं निघून गेला.

मी मास्तरांकडं बघितलं. खाकी अर्धी चड्डी. खाकी सदरा. डोक्यावर साहेबी टोपी, ऊन लागतं म्हणून कल्याणच्या बाजारातून घेतलेली. कॅरिअरला चामडी पिशवी. आणि तोंडी एकच प्रश्न, मोहाचं काय करता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे लोक आम्हाला आबकारीचे समजत होते. दारू पकडायला आलेला साहेब, आणि बरोबर मी कोण? घराघरांत शिरून बायकांची झडती घ्यायला आणलेली बाई.

"मास्तर, आधी ती टोपी काढा," मी म्हटलं.

"ऊन आहे."

"असू दे. मेलात तरी चालेल. टोपी काढा."

त्यांनी काढली, टॉवेल गुंडाळला, पण आता त्याचा काय उपयोग. तोवर ज्यांनी ज्यांनी मला 'तो पीत नाही' म्हणून सांगितलं होतं, त्या सगळ्यांच्या सांगण्यावर पाणी पडलं. आबकारीच्या साहेबाला कोण सांगेल की अमका पितो म्हणून? तो रोज गटारात लोळत असता तरी लोकांनी तेच सांगितलं असतं. सकाळी मिळालेला सगळा धीर गेला. कोंबड्यांची सुटका केली तर त्याही जाईनात, आमच्याच मागं फिरायला लागल्या. मी त्यांच्यावर ओरडले. कुणावर तरी ओरडायला हवंच होतं.

त्या मुलाच्या गावात शिरलो तेव्हा बातमी आमच्या पुढं पोचली होती. दारं बंद, अंगणातलं वाळवण उचललेलं, जमिनीवर फुलांचे नुसते ओले डाग. कुत्री तेवढी भुंकत होती. आणि वेशीवरच मास्तरांच्या पुढच्या चाकात बाभळीचा काटा गेला.

त्यांनी सायकल उलटी केली, ट्यूब बाहेर काढली, हवा भरली. भोक कुठं आहे ते बघायला ट्यूब पाण्यात बुडवावी लागते, जिथून बुडबुडे येतील तिथं भोक. मास्तर हाका मारू लागले, "अहो, परातभर पाणी द्या कुणी." एक दार उघडेल तर शपथ. शेवटी ते स्वतःच पाणी शोधत एका गोठ्यामागं गेले. मी उलट्या सायकलीपाशी उभी. जरा वेळानं त्यांची हाक आली.

"अगं, इकडं ये. ही ट्यूब कामातून गेली."

जाऊन बघते तर गोठ्याच्या मागं पेंढ्याच्या आडोशाला गळ्यापर्यंत पुरलेला एक मोठा माठ. मास्तरांनी वरची पळसाची पानं बाजूला केली होती आणि गुडघ्यांवर बसून ट्यूब आत बुडवली होती. "बघ," ते म्हणाले, "एक भोक असेल तर सापडेल. हिच्यातून सगळीकडून हवा सुटतेय."

माठात बुडबुडेच बुडबुडे होते. ट्यूब बाहेर काढली तरी ते थांबेनात. नाकात वास गेला आणि मी म्हटलं, "अहो, हे पाणी नाही. हा मोहाचा सडवा आहे. दारूसाठी फुलं भिजत घातलीयेत. आपोआप फसफसतंय ते."

वर बघते तर सगळं गाव गोठ्याभोवती गोळा. इतका वेळ ही माणसं कुठं होती कोण जाणे. साहेबानं माठ शोधून काढला, आणि वर सरकारी रबरी यंत्र घालून तपासतोय, असंच त्यांना दिसत होतं. एक म्हातारी पुढं आली, भिंतीला धरून खाली बसली. तेवढ्यात मागून गर्दी सारत एक उंच तरणा पोरगा आला. राबासाठी फांद्या तोडत असावा, खांद्यावर कोयता, केसांत पाचोळा.

"साहेब," तो म्हणाला, "माठ माझा हाय. म्हातारीचा काय संबंध नाय. चिंचेजवळचं घर आमचं, मी दुसरा मुलगा. लिहून घ्या."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ज्याच्यासाठी दोन दिवस हाडं खिळखिळी करून घेतली तो आपल्या तोंडानं कबूल करत होता. म्हशाचं ते खरं होतं. शेजाऱ्याचं खरं होतं. मला बहीण दिसायला लागली, लांब बाह्यांच्या चोळीत.

"तूच गाळतोस?" मी विचारलं.

"मीच."

"आणि पितोस?"

त्यानं म्हातारीकडं बघितलं. "पितो तर," म्हणाला. "मग गाळतो कशाला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मास्तर काहीतरी बोलायला गेले, मी त्यांना बोलू दिलं नाही. मला वडिलांना जाऊन सांगायचं होतं, की बाबा, मी ऐकलेलं नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे सुपारी मोडताना त्यांच्या मनाला खंत राहिली नसती. मी म्हटलं, "आण. पहिल्या धारेची कुठं ठेवलीयस ती आण. आणि माझ्यासमोर पी."

पोरगा इकडंतिकडं बघायला लागला. बाटली कुठं आहे हे त्याला माहीतच नव्हतं. म्हातारीची नजर पेंढ्याच्या उडवीकडं गेली, ती त्यानं हेरली, जाऊन खालून चाचपून एक बाटली ओढून काढली. बूच दातांनी उपटलं आणि ताक प्यावं तशी घटाघटा तोंडाला लावली.

दोन घोट पोटात गेले असतील नसतील. पुढचं सगळं नाकातून बाहेर. डोळे तांबडेलाल, खोकून खोकून तो वाकला, गोठ्याच्या खांबाला मिठी मारली आणि तसाच घसरत खाली बसला. खोकल्यातून शब्द येत होते, "रोज... रोज पितो..."

इतका वेळ दगडासारख्या उभ्या असलेल्या बायका, त्यांच्यातल्या एकीला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी फुटलंच. मग दुसरी. मग सगळ्याच. एक म्हणाली, "सोडा वो साहेब त्याला. म्हशाला दाढ उपटली तवा बी असाच लोळला हुता." दुसरी म्हणाली, "दाढवाल्यानं चूळ भरून थुंकायला दारू दिली, त्यानं गिळली. दोघांनी धरून गाडीत घातला. दुसऱ्या दिवशी दुपारपातूर उठला नाय." आणि भिंतीपाशी बसलेली ती म्हातारी म्हणाली, "बाई, माठ माझा हाय. ह्या पोराला तर वाससुद्धा सोसत नाय. मला काय करायचं ते करा."

तोंडाला उपरणं दाबून धरलेलं. लटपटणारे पाय. अंगाला वास. शेजाऱ्यानं जे जे पाहिलं ते सगळं खरं होतं. मला तिथंच त्या शेणात बसकण मारावीशी वाटली. जीव इतका हलका झाला होता.

मास्तर त्याच्या शेजारी जाऊन बसले. "अरे, लग्न ठरलंय ना तुझं?" त्यांनी विचारलं. हे साहेबाला कसं कळलं याचं त्याला तेव्हा नवल वाटलं नाही. "तुला धरून नेलं असतं तर?"

"लगीन पुढं ढकलता येतं साहेब," तो खोकत म्हणाला. "हिला मागं एकदा ठाण्याच्या जेलात नेलीय. आता परत नेली तर म्हातारी जिती यायची नाय. तिला कोनच नाय."

"तुझी कोण ती?"

"कोन नाय. शेजारीन."

आता मात्र सांगायलाच हवं होतं. मी कंबरेवर हात ठेवले आणि म्हटलं, "आम्ही आबकारीचे नाही. हे शाळामास्तर आहेत. आणि मी शहापूरची. तुझी सुपारी फुटलीय ना, तिची थोरली बहीण."

गोठ्यामागं असं सामसूम झालं की माठातले बुडबुडे ऐकू येत होते. मग मला माझीच भीती वाटली. मी काय करून बसले होते? होणाऱ्या जावयाला गावादेखत दारू पाजली होती. सोयऱ्यांच्या गावात चोरपावलांनी शिरले होते. मुलगा सोन्यासारखा निघाला, आणि आता हे लोकच सोयरीक मोडतील. वडिलांना मी काय तोंड दाखवू? आत्तापर्यंत त्याच्यामुळं मोडणार होतं, आता माझ्यामुळं मोडणार.

मुलाचा बाप गर्दीतच होता. हळूहळू पुढं आला. पिळदार, पांढऱ्या मिशांचा माणूस. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "म्हंजे तुमी चौकशीला आलाव."

"हो," मी म्हटलं. "पोरगी द्यायची आहे. शेळी नाही द्यायची."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

मुलाचा बाप मिशीतल्या मिशीत हसला. "फाल्गुनात तुमच्याकडं कासारीन आली हुती ना, बांगड्या भरायला? ती आमच्याच गावची, मीच धाडली हुती. तिनं येऊन सांगितलं, धाकटी गरीब हाय, हाताला कामाची हाय. थोरलीपासून जरा जपून. थोरली लय तिखट."

सगळे पुन्हा हसले आणि या वेळी मीही हसले. त्या कासारणीला मी माझ्या हातानं चहा करून दिला होता. बांगड्या महाग लावल्या म्हणून भांडलेही होते तिच्याशी. सासूबाईंनी, म्हणजे बहिणीच्या होणाऱ्या सासूनं, आम्हाला घरी नेलं, गूळपाणी दिलं आणि मग लेकाच्या डोक्यावर गार पाण्याचा तांब्या ओतत आम्हालाही बोलून घेतलं. सरळ दारातून आला असतात तर गोडाचं केलं असतं, म्हणाली. मास्तरांनी परातीत स्वच्छ पाणी मागितलं. ट्यूबला एकच भोक होतं.

निघताना तो पोरगा वेशीपर्यंत आला. माझी सायकल त्यानंच धरली होती. चालताना जरासा झोकांडी खात होता, बिचारा. वेशीपाशी येऊन थांबला. मग म्हणाला, "ताई, एक मागनं हाय."

"बोल."

"तिला सांगू नका. मी प्यालो म्हनून."

मी सायकलीवर बसले ती मागं न बघता निघाले, नाहीतर त्याच्यासमोर रडले असते. त्याच वाटेनं, त्याच मोहांखालून परत सरळगावला मुक्कामाला आलो. तोच वास, पण आता मला तो गोड लागत होता. सकाळी ज्या म्हाताऱ्यानं एक बैल सांगितला होता, त्याला मी रस्त्यावरूनच ओरडून सांगितलं की आम्ही आबकारीचे नाही. त्याचा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी शहापूरला पोचलो तेव्हा आई तुळशीपाशी दिवा लावत होती. वडील ओसरीवरून उठून उभे राहिले. त्यांना विचारवेना. मीच म्हटलं, "बाबा, त्याला पिता येत नाही. मी पाजून बघितलं." मग सगळं सांगितलं, माठ, म्हातारी, दाढ, सगळं. वडील मध्येच खाली बसले आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत राहिले. आई एकीकडं हसत होती, एकीकडं देवाला हात जोडत होती.

धाकटी दाराच्या चौकटीत उभी होती. त्यानं सांगू नका म्हटलं होतं, तेही मी तिला सांगितलं. ती हसली. किती दिवसांनी हसली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "बरं झालं गो ताई. नायतर मला लय जड गेलं असतं."

"काय जड गेलं असतं? बाबांनी सुपारी मोडली असती. त्यांनी शब्द दिला होता."

"मी मोडू दिली नसती," ती म्हणाली. "बाबांना चारचौघांत मान खाली घालायला लावून मी घरात बसले असते काय? तो पीत असता तरी मी त्याच मांडवात उभी राहिले असते. माझं ठरलं हुतं."

म्हणजे आम्ही काहीही बातमी आणली असती तरी ही जाणारच होती. मुकाट्यानं, मान खाली घालून, मावशीच्या वाटेनं. वडील तिच्याकडं बघतच राहिले. आणि मी, मला काय झालं कोण जाणे, मी उठले आणि तिच्या पाठीत असा एक सणसणीत धपाटा घातला की आई दिवा टाकून धावत आली. मग तिलाच गच्च धरून मी मोठ्यानं रडले. ती आपली माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "अगो, पन तो पीत नाय ना. नाय ना पीत."